ग्रेट डेन घेण्याआधी सोलापूरचा मे महिना आठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, हौसेने घरी आणलेले ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू मे उजाडेपर्यंत सहा महिन्यांचे होते आणि काट्यावर चाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे त्याची हाडे वेगाने वाढत असतात, नेमका तेव्हाच सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर इथल्या बंगल्यांत आणि शहराबाहेरच्या शेतघरांवर ही जात आता दिसू लागली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. कुणी कुत्रा पाळू नये असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण या कुत्र्याचे जे हाल होतात ते स्वभावामुळे नव्हे, आकारामुळे होतात, आणि त्यातले बरेचसे टाळता येतात.

स्वभावाने हा कुत्रा गरीब आहे, त्यात वाद नाही. नावात डेन असला तरी डेन्मार्कशी त्याचे काही नाते नाही. अठराव्या शतकात बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ‘ग्राँ दानुआ’ (मोठा डॅनिश) म्हटले आणि इंग्रजीत तेच चिकटले. जात जर्मन. रानडुक्कर धरून ठेवणाऱ्या शिकारी कुत्र्यांतून ती घडली. १८७८ साली बर्लिनमध्ये जाणकारांनी वेगवेगळी नावे मोडीत काढून ‘डॉइचे डॉगे’ हे एकच नाव ठरवले, १८८० मध्ये तिचे पहिले प्रमाण, म्हणजे जात कशी असावी याचे वर्णन, लिहिले गेले. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार नराची उंची खांद्यापाशी ८० ते ९० सेंटिमीटर, मादीची ७२ ते ८४. पूर्ण वाढलेला नर साठ-सत्तर किलोंच्या पुढे सहज जातो. शिकारीतला आक्रमकपणा निवडीने कमी होत गेला आणि माणसाला टेकून उभा राहणारा, एकटा ठेवला की झुरणारा कुत्रा उरला. हा टेकण्याचा प्रकार दिसायला गोड असतो, पण सत्तर किलो अंगावर रेलले तर घरातले आजोबा पडतात. तेव्हा पट्ट्यात सरळ चालणे, अंगावर न उडणे, ‘बस’ म्हटले की बसणे हे सगळे पिल्लू वीस किलोंचे होण्याआधी शिकवायचे. नंतर ताकदीने काही होत नाही. आणि साखळीला बांधून शेत राखायला हा कुत्रा नाहीच. माणसांपासून तोडला की तो एकतर भित्रा होतो नाहीतर दिवसभर भुंकत बसतो.

आता उन्हाचे. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचे पाणी उडवतो आणि त्यावर थंड होतो. शरीर जेवढे मोठे, तेवढे वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र कमी, म्हणून आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. पत्र्याच्या शेडखाली बांधलेला डेन दुपारी दोन वाजता अक्षरशः भाजत असतो. आपली हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असल्याने कूलर चांगला चालतो, पण खिडकी उघडी ठेवली तरच. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते, मग धापांचाही उपयोग होत नाही. जूनमध्ये आभाळ भरून आले की कूलर निरुपयोगी. तेव्हा पंखा, वाहती हवा आणि ओली फरशी यांवर भागवावे, जमत असेल तर एसी. फिरवणे सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावर. तळहाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

ऊन लागल्याची खूण म्हणजे थांबत नसलेल्या धापा, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, मग लडखडणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, १०५च्या वर गेले की जिवाशी गाठ. अशा वेळी गाडीत घालून पळण्याआधी जागेवरच थंड करायला सुरुवात करायची. सावलीत आणून पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू यांवर पाणी ओतत राहायचे आणि पंखा लावायचा. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरणे. मेमधल्या दुपारी नळातून येणाऱ्या त्या पाण्यात हात धरवत नाही. पाणी जमिनीखालच्या हौदातले घ्यावे. दुसरी, ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणे. आपल्याच गावचा जाड टर्किश टॉवेल दोन-तीन मिनिटांत अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि मग गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. टॉवेल भिजवून त्याच्या खाली अंथरा, वरचे अंग उघडे ओले ठेवा. तोंडात बळेच पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहावे आणि १०३पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर तापमान नको तेवढे खाली जाते. कुत्रा उठून बसला तरी डॉक्टरकडे न्यायचाच, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया पुढच्या एक-दोन दिवसांत बिघडू शकते.

पाण्याचा हिशेबही आधी करावा. साठ किलोंच्या कुत्र्याला एरवी रोज तीन-साडेतीन लिटर पिण्याचे पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. ज्या घरात महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येते, तिथे हा एक मोठा माणूस वाढला असे समजून साठवण करावी लागते.

उन्हापेक्षाही घात करणारी गोष्ट म्हणजे पोटाला पीळ पडणे. छाती खोल आणि अरुंद असलेल्या कुत्र्यांमध्ये हा धोका असतोच, पण सगळ्या जातींत ग्रेट डेनचा नंबर वरचा. जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. वरचे तोंडही बंद, खालचेही बंद. फुगलेले जठर पोटातली मोठी शीर दाबते, मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतत नाही, जठराची भिंत काळी पडू लागते, प्लीहा सोबत ओढली जाते. हे सगळे काही तासांत. खूण अशी की कुत्रा ओकारीचा जोर लावतो, पण बाहेर काही पडत नाही, फार तर पांढरा फेस. अस्वस्थपणे उठबस करतो, मान वळवून पोटाकडे बघतो, लाळ गळते. बरगड्यांमागे बोटाने टिचकी मारली तर डफासारखा आवाज येतो. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती पांढरीच राहिली तर रक्ताभिसरण बिघडू लागले आहे.

इथे आमचे कळकळीचे सांगणे. पोट फुगले म्हणून इनो किंवा खायचा सोडा देऊ नका. माणसाला त्याने ढेकर येते. पीळ पडलेल्या जठरातून ढेकर निघायला वाटच नसते, आणि तुम्ही त्या बंद पिशवीत आणखी वायू भरलेला असतो. ओवा, हिंगपाणी, ‘सकाळपर्यंत बघू’ हे तिन्ही प्रकारही नकोत. या दुखण्याला घरगुती उपाय नाही.

सोलापूरकरांची अडचण अशी की पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरात नाही. पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे चार-साडेचार तास. पीळ पडलेला कुत्रा तेवढा वेळ काढेलच असे नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधी एक चौकशी करा. गावातला कोणता डॉक्टर रात्री अकराला फोन उचलतो, कुणाकडे एक्स-रे आहे, पोट उघडून जठर सरळ करण्याची शस्त्रक्रिया कोण करतो? हे दोन-तीन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. दूर न्यावेच लागले तर निघण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरकडून जठरातला वायू जाड सुईने किंवा तोंडातून नळी घालून काढून घ्या, आणि सलाईन पुढच्या पायांच्या शिरेत लावून घ्या. मागच्या पायातून दिलेले सलाईन दाबलेल्या शिरेमुळे हृदयापर्यंत नीट पोचत नाही, हे सांगायला संकोच वाटू देऊ नका. नुसता वायू काढून कुत्रा टवटवीत दिसला तरी काम झालेले नसते. जठर टाक्यांनी जागी बांधले नाही, तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांना हे दुखणे पुन्हा गाठते.

ते बांधणे आधीही करता येते. दीड वर्षाच्या सुमारास नसबंदी करतानाच जठराची एक कड उजवीकडच्या पोटाच्या भिंतीला शिवून घेतली, की पुढे पोट फुगले तरी पीळ सहसा पडत नाही. ग्रेट डेन घेणाऱ्याने या शस्त्रक्रियेचा खर्च पिल्लाच्या किमतीतच धरावा.

खाण्याच्या सवयींनीही फरक पडतो. दिवसाचे सगळे अन्न एकदम न देता दोन किंवा तीन वेळा विभागून द्यावे. खाल्ल्यावर दीड-दोन तास उड्या, पळापळ बंद. गटागट गिळणाऱ्याच्या भांड्यात मधोमध एक मोठा गुळगुळीत दगड ठेवावा, म्हणजे त्याच्याभोवती चाटत खावे लागते. दगड गिळता येणार नाही एवढा मोठा हवा, हे या जातीच्या तोंडाकडे बघून ठरवा. भांडे उंच स्टँडवर ठेवले की पोट फुगत नाही, असे विक्रेते अजूनही सांगतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात नेमके उलटे दिसले होते, उंच भांड्याने धोका वाढलेला आढळला. जमिनीवर ठेवा.

पिल्लाच्या हाडांबद्दल तर गैरसमजांचे रानच माजले आहे. ‘एवढे मोठे हाड, मग कॅल्शियम नको का?’ असा सोपा हिशेब करून औषधाच्या दुकानातून बाटली आणली जाते, वर दोन अंडी, पायाचे सूप आणि पोटभर मटण. ग्रेट डेनच्या पिल्लांवरच हे तपासून झालेले आहे. कॉर्नेल विद्यापीठातून १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पोटभर खाऊ घातलेल्या पिल्लांची हाडे, मोजून खाऊ घातलेल्यांच्या तुलनेत बिघडलेली दिसली. पुढे १९८०च्या दशकात हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात जास्त कॅल्शियम दिलेल्या डेनच्या पिल्लांमध्ये सांध्याच्या कूर्चेचे आणि हाडांच्या वाढीचे दोष आढळले. कारण असे की लहान पिल्लाचे आतडे जादा कॅल्शियमला नाही म्हणू शकत नाही. मोठा कुत्रा नको तेवढे शौचावाटे सोडून देतो, पिल्लाच्या अंगात ते शोषले जाते. मग मनगटाजवळ गाठीसारखी सूज, पंजे बाहेर वळणे, लंगडणे, तापासह हाडे दुखणे असे सुरू होते, आणि मालक ‘कॅल्शियम कमी पडले’ म्हणून डोस दुप्पट करतो.

योग्य रीत साधी आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य, ज्याच्या पिशवीवर कॅल्शियम १ ते १.२ टक्क्यांच्या आसपास लिहिले आहे, तेवढेच द्यायचे आणि वर काहीही औषध घालायचे नाही. घरचे अन्न द्यायचे असेल तर मापे पशुवैद्याकडून लिहून घ्यावीत. ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर गावठी कुत्रा निभावून नेतो, आठवड्याला दीड-दोन किलो वाढणारे हे पिल्लू नाही. वजन दर आठवड्याला घ्या. पंचवीस किलोंपर्यंत घरच्या काट्यावर उचलून होते, पुढे मार्केट यार्डात कांद्याची पोती ठेवतात तसला सपाट काटा लागतो. वाढत्या पिल्लाच्या बरगड्या डोळ्यांना फारशा दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज मोजता याव्यात. शेजारी ‘उपाशी ठेवता काय’ म्हणतील, म्हणू द्या. दीड वर्षापर्यंत जिने, गच्चीवरून उड्या आणि दुचाकीला पट्टा बांधून पळवणे बंद. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, तिथे चटया टाकाव्यात. आणि झोपायला नुसती शहाबादी फरशी नको, तीन-चार इंच जाडीची गादी हवी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात आणि त्यात पाणी भरते.

त्याच शहाबादीच्या सांध्यांत गोचिडे राहतात. अंगावरची वेचून मारली तरी भेगांत हजारो अंडी असतात, म्हणून भिंतीच्या कडा आणि भेगांचाही बंदोबस्त करावा लागतो. शेतघरांवर गुरांचे गोचीड-औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतण्याची पद्धत आहे, तिने कुत्री दगावतात. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त असे दिसले की गोचीड-ताप धरून त्याच दिवशी रक्त तपासा. औषधाच्या हिशेबात आणखी एक गंमत: जंताची गोळी दहा किलोंना एक अशी असेल, तर साठ किलोंच्या कुत्र्याला सहा लागतात. एक देऊन ‘जंतांचे झाले’ असे समजणारे बरेच आहेत.

पिल्लू निवडताना रंगाला भुलू नये. पांढऱ्यावर फाटके काळे ठिपके असलेला हार्लेक्विन दिसायला देखणा, पण त्यामागे मर्ल नावाचे जनुक आहे. आई आणि वडील दोघांकडून मर्ल मिळालेली पिल्ले बहुतेक पांढरी निघतात आणि त्यांच्यात बहिरेपणा, डोळ्यांचे दोष मोठ्या प्रमाणात असतात. ‘दुर्मिळ पांढरा डेन’ म्हणून जादा पैसे मागितले, तर पिल्लाच्या पाठीमागे चाव्यांचा जुडगा वाजवून बघा. आणि उभे कान हवेत म्हणून ते कापून घेऊ नका. रानडुकराने फाडू नयेत म्हणून सुरू झालेली ती चाल होती. खुद्द जर्मनीत १९८७पासून त्यावर बंदी आहे, आणि सोलापुरात रानडुकराच्या शिकारीला कुणी निघालेले नाही.

केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. आई-वडिलांच्या हृदयाची सोनोग्राफी आणि खुब्यांचा एक्स-रे झाला आहे का, त्यांच्यापैकी कुणाला पोटाचा पीळ पडला होता का, हे विचारा. हृदय फुगून अशक्त होणे आणि मानेच्या मणक्यांत दाब येऊन चाल डगमगणे ही या जातीची ठरलेली दुखणी आहेत. मानेसाठीच गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा. आयुष्य साधारण सात ते दहा वर्षे. खाद्य रोज पाऊण ते एक किलो, म्हणजे महिन्याला बावीस ते तीस किलोंची खरेदी, हेही आधीच माहीत असावे. फक्त शेताची राखण हवी असेल तर आपल्याच मुलखातला कारवानी जातीचा कुत्रा का नको? ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले, वजन डेनच्या निम्म्याहून कमी, आणि खाण्याचे लाड नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि आठ आठवड्यांआतले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पाच-सहा आठवड्यांची, आईपासून तोडलेली पिल्ले खोक्यातून येतात, ‘आता घ्या, स्वस्तात देतो’ म्हणून. आपल्यासारख्या दैनिकांनी कुत्र्यांच्या छोट्या जाहिराती घेताना पिल्लाची जन्मतारीख आणि विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे, एवढी विनंती. दोन ओळींच्या जाहिरातीत एवढे सहज मावते.

आपले,
मोठ्या जातींची कुत्री सांभाळणारे काही वाचक, सोलापूर